ओटीतला अडकित्ता

॥ श्री ॥
सोलापूर, ता. ९ एप्रिल १९३०

तीर्थरूप गं. भा. मथुराक्का हिचे सेवेशी,
बालक गंगाधरचे साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडील सर्व क्षेम. अनसूयेची कंबर धरली होती ती सुटली, आणि सुटल्या सुटल्या तिने माळ्यावरची भांडी काढून घासली, त्यामुळे पुन्हा धरली. मोटारीचं मागचं चाक बदललं. मल्लप्पा आता गाडी इतकी हळू हाकतो की परवा एका सायकलवाल्याने मागे वळून त्याची चौकशी केली. असा ड्रायव्हर मिळायला पुण्य लागतं.

गुरुवारी तुझ्याकडे जेवून निघालो, तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मीच राहू दिली, कारण सांगितली असती तर तू मला उंबरा ओलांडू दिला नसतास. तुझ्या माजघरातल्या तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलास तर फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू लागेल. ते माझं रिव्हॉल्व्हर आहे. घाबरू नकोस, भरलेलं नाही. गोळ्यांची पुरचुंडी निराळी, त्याच डब्यात.

झालं असं. वाटेत मोटारी लुटायला लागले तेव्हा मी सरकारकडून त्याचं लायसन घेतलं हे तुला ठाऊक आहे. आजवर एकदाच उडवलं, तेही चुकून, आणि लागलं माझ्याच टायरला. पण हे लायसन चालतं शिवेपर्यंत. शीव ओलांडून तुमच्या संस्थानच्या हद्दीत आलं की तेच हत्यार बाळगणं गुन्हा. इतके दिवस मी ते सीटखालच्या खणात टाकून देवाचं नाव घेत येत होतो. गुरुवारी मात्र पानाच्या दुकानापाशी तुमचे दोन शिपाई कानडीत बोलत उभे होते. नवे फौजदार संध्याकाळी परतीच्या सगळ्या मोटारींची झडती घेणार, असं एक दुसऱ्याला सांगत होता. लोकांना वाटतं मोटारवाल्याला भोंग्यापलीकडे काही ऐकू येत नाही. आप्पांची देवळातली घंटा सोडून मी भोंगा धरला खरा, पण कान देवळातलेच राहिले. कोण नवस बोलतो आणि कोण नुसताच ओठ हलवतो, हे गाभाऱ्याबाहेरून कळायचं.

दोन-चार खेपांत सवड पाहून घेऊन जाईन. तोवर खालचे तांदूळ खिचडीला घेऊ नकोस, वरचेवरचे घे.

लहान भावावर राग धरलास तरी चालेल, पाठ फिरवू नयेस एवढीच प्रार्थना.

तुझा
गंगाधर


॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. १४ एप्रिल १९३०

चिरंजीव गंगाधर यास मथुरेचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, पण उशिरा. त्याच्या आदल्या दिवशीच शेजारची काशम्मा उसने तांदूळ घ्यायला आली आणि मी चुलीपाशी होते म्हणून तिनेच डब्यात हात घातला. तिला जड काही लागलं. एनिदु, एनिदु, हे काय, म्हणत ती ते बाहेर काढायला लागली. मी धावले, तिच्या हातून घेतलं. फडक्याच्या तोंडातून लाकडी दांडा दिसत होता, तेवढ्यात माझ्या मनात जे आलं ते मी बोलले. अडकित्ता आहे म्हणाले, भावाचा. काशम्मा त्या आकाराकडे पाहत राहिली आणि म्हणाली, बाई, तुमचा भाऊ सुपारी खातो की नारळ?

तुला हसू येईल. मला आलं नाही. मी सतराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले, शिकले, आणि या शाळेत आले त्याला आता बावीस वर्षं होतात. हेडमास्तरीण म्हणून माझं नाव आहे. यांच्या मागे ही शाळा हाच माझा संसार. ज्या दरबाराची मी भाकरी खाते त्याच्या नजरेआड तू माझ्या घरात हत्यार ठेवलंस. पोरींना रोज सांगते की खोटं बोलू नका, आणि परवा तुझ्यापायी मी बोलले. ते पहिलं. दुसरं बोलणार नाही, मला कोणीही विचारलं तरी. हे तुला आधीच सांगून ठेवते, मग मागाहून अक्का अशी कशी म्हणू नकोस.

अमावास्येच्या आत येऊन तुझा अडकित्ता ने. अनसूयेला म्हणावं, कंबरेला तिळाच्या तेलात ओवा कढवून लाव.

मायेत खोट नाही, म्हणूनच रागवते, हे ओळखून असावे.

मथुरा


॥ श्री ॥
सोलापूर, ता. १७ मे १९३०

तीर्थरूप गं. भा. मथुराक्का हिचे सेवेशी,
गंगाधरचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सर्व जिवंत आणि धड आहोत, हे आधी लिहितो. अमावास्या होऊन गेली आणि मी आलो नाही, त्याचा राग असेल. सुरुवातीला एका मागून एक खेपा भाड्याच्या लागल्या, आणि मग जे झालं ते तुझ्या कानावर आलं असेलच. गावात लष्करी कायदा आहे. गिरणीचा भोंगा वाजला तरी लोक दचकतात. दिवे लागायच्या आत दारं बंद. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तर माणूस टोपीसकट नेतात. मी तर केसही विंचरेनासा झालो आहे. मोटारी बंद होत्या, कालपासून पास मिळाला, तोही मल्लप्पाच्या नावाचा. मला गाव सोडायची मनाई आहे.

हल्ली टपालाची पत्रं आपल्याआधी बरीच मंडळी वाचतात असं ऐकतो, म्हणून अक्षर नीट काढतो आहे. वाचणाऱ्याला त्रास नको.

तर घरगुती गोष्ट अशी. आपल्या मोठ्या व्याह्यांनी ज्याला ज्याला अडकित्ते वापरायला दिले होते, त्या सर्वांकडून ते परत मागवले आहेत. महिनाअखेरपर्यंत नेऊन द्यायचे. माझा अडकित्ता त्यांच्या चांगला लक्षात आहे. दिला नाही तर विचारतील, कुणाला दिलास. सध्या त्या प्रश्नाला नीट उत्तर देऊन घरी आलेला मनुष्य मला ठाऊक नाही. बरं, तिकडून आणावा, तर गावाच्या वेशीबाहेर तुमच्या रस्त्यावर व्याह्यांची माणसं बसली आहेत, ती प्रत्येक मोटार थांबवतात. आमच्या पेठेतल्या एका टांगेवाल्याच्या गादीखाली आजोबांच्या वेळची गंजकी कट्यार निघाली. ती त्याला जमाच करायची होती म्हणे. त्याला नेला तो अजून आलेला नाही. घोडा दारात उभा आहे, बायको त्याला गवत घालते.

म्हणजे देणं भाग, आणि आणणं गुन्हा. सरळ जाऊन खरं सांगावं असं दोनदा मनात आलं, पण मग ते विचारणार की अडकित्ता इतके दिवस होता कुठे. ते मी सांगणार नाही. मी चूक केली ती माझ्या पाठीवर पडो, तुझ्या नाही.

काही सुचतं का पाहतो. तू डबा उघडू नकोस.

आशीर्वादाची आज नेहमीपेक्षा जास्त गरज आहे, तो असू द्यावा.

गंगाधर


॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. २० मे १९३०

चिरंजीव गंगाधर यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पाणीसुद्धा गोड लागेना. पहिल्यांदा मनात आलं की अडकित्ता विहिरीत टाकावा. मग वाटलं, विहिरीतून तुला परत कुठून आणून देणार. आता रोज सकाळी डब्याकडे पाहते आणि दुसऱ्या डब्यातल्या ज्वारीवर भागवते. काशम्माने विचारलं, मास्तरीणबाई, भात सोडला का. मी म्हटलं, हो, सोडला. हे खरंच आहे.

तू माझं नाव लपवू नकोस. गरज पडली तर सांग. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, मी तुझ्या घरी राहून अनसूयेची भांडी घासेन, तिची कंबर तरी वाचेल. तुला दोन मुलं आहेत. त्या टांगेवाल्याच्या घोड्यासारखी ती दारात उभी राहिलेली मला बघवणार नाहीत.

शाळेला सुटी आहे. मी मोकळी आहे. अडकित्ता मी आणला तर? फक्त एक लक्षात ठेव. मला तोंडावर विचारलं की काही बरोबर आहे का, तर मी नाही म्हणणार नाही.

जिवाला जप, बाकी सारं परत मिळतं.

मथुरा


॥ श्री ॥
सोलापूर, ता. २४ मे १९३०
(मल्लप्पाच्या हस्ते)

तीर्थरूप गं. भा. मथुराक्का हिचे सेवेशी,
गंगाधरचे नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून मी परसात जाऊन जरा उभा राहिलो. मग पास दाखवायचं निमित्त काढून मल्लप्पाबरोबर नाक्यापर्यंत गेलो. साहेब येईपर्यंत रांजणापाशी पाणी पीत उभा होतो. इतकं पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. पण शिपाई आपापसांत काय बोलतात ते सगळं ऐकलं.

ऐकलं ते असं. मागल्या आठवड्यात एका बाईची ओटी साहेबाने छडीने उचकटली आणि तांदूळ-नारळ रस्त्यावर सांडले. मोटारीतली सगळी माणसं खाली उतरून उन्हात बसली, उठेनात. बायकांनी जो गळा काढला तो वेशीच्या आत ऐकू आला. तेव्हापासून वरून ताकीद आली आहे की पेट्या फोडा, वळकट्या सोडा, पागोटी उलगडा, पण बायकांच्या ओटीला हात लावायचा नाही. शिपाई हे सांगताना सुटल्यासारखे दिसत होते. त्यांनाही घरी बायका आहेत.

तेव्हा मी ठरवलं ते लिहितो. येत्या गुरुवारी संध्याकाळच्या खेपेला ओटी भरून ये. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, सगळं रीतसर. नारळाच्या जागी अडकित्ता, खणात गुंडाळून. त्याच्या स्वतःच्या सुपाऱ्या वेगळ्या, तांदळाच्या तळाशी. अडकित्त्यात सुपारी धरून ठेवू नकोस, हे दहादा पाहा. गुरुवारी स्वामींच्या दर्शनाची गर्दी परतत असते, गाडी भरलेली असेल.

नाक्यावर कसं वागायचं ते नीट वाच. मल्लप्पाला मी पढवलं आहे: शिट्टी झाली की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, दोन्ही हात चाकावर दिसतील असे ठेवायचे, आणि म्हटल्याशिवाय पाससुद्धा काढायला खिशात हात घालायचा नाही. खिशाकडे गेलेला हात त्यांना आवडत नाही. तूही तसंच. दोन्ही हात ओटीवर, जसे असतात तसे. ओटीकडे बघायचं नाही. आपण जिकडे बघतो तिकडे पोलीस बघतो. त्याच्या सदऱ्याची बटणं मोजत बस. विचारल्याशिवाय बोलू नकोस, विचारलं तर थोडक्यात बोल. घाईचं हसू हसू नकोस. उतारूंचं ते हसू पाहून मीसुद्धा ओळखतो की तिकिटाविना बसला आहे.

हत्यार आहे का, हे पुरुषांनाच विचारतात, बायकांना नाही. तुझ्या खरेपणाला धक्का लागणार नाही.

हे पत्र वाचून चुलीत घाल. गुरुवारी रात्री तुझ्या हातचं पिठलं खाऊ.

तुझ्या पायांशी डोकं ठेवून,
गंगाधर


॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. २६ मे १९३०
(मल्लप्पाच्याच हस्ते परत)

चिरंजीव गंगाधर यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू सगळ्या बाजूंनी विचार केला आहेस, एक सोडून. ती कुठली हे लिहायला बसले होते, पण लिहीत नाही. दुसरी वाट नाही आणि दिवसही नाहीत.

खण घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, लागतो. हिरवा घेतला.

गुरुवारी येते.

मथुरा


॥ श्री ॥
सोलापूर, ता. २ जून १९३०
(मल्लप्पाच्या हस्ते)

तीर्थरूप मथुराक्का हिचे सेवेशी,
गंगाधरचे साष्टांग नमस्कार वि. वि.

शनिवारी अडकित्ता व्याह्यांकडे पोचता केला. घरापासून कचेरीपर्यंत तो फडक्यात बांधून, दोन्ही हातांवर ताटासारखा धरून, रस्त्याच्या मधोमध चालत गेलो. लोक वाट देत होते. कारकुनाने तो उघडला, नळीतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. त्याने दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, घरची बाई हत्याराची पूजा करते, अक्षता वाहते. तो म्हणाला, पूजेत हत्याराच्या नळीत अक्षता जातात हे मी आजच पाहिलं. पण पावती दिली. ती घडी करून आप्पांच्या तसबिरीमागे ठेवली आहे.

हे सगळं तुला आनंदाने लिहायचं होतं. पण काल संध्याकाळी पानवाल्याने मला फुकट विडा दिला आणि अभिनंदन केलं. कशाचं, विचारलं. म्हणाला, बहिणीचा पाट लावताय म्हणे, चांगलं काम केलंत, मोटारवाल्यालाच असली छाती. मी तसाच मल्लप्पाकडे गेलो. तो दोन दिवस मला चुकवत होता. त्याने मान खाली घालून सांगितलं, मालक, नाक्यावर हवालदारानं अक्कांच्या कपाळाकडे बघितलं, मग ओटीकडे बघितलं, आणि ओटी कुणाची म्हणून विचारलं.

अक्का, तेवढं ऐकलं आणि मी फुटबोर्डावर बसलो.

नाक्यावर कोण काय बोलतं ते ऐकलं, साहेबाच्या छडीचं ऐकलं, मल्लप्पाचे हात कुठे असावेत ते ठरवलं. आणि तुझी ओटी पंचवीस-तीस वर्षांत कुणी भरली नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, अक्का येईल ओटी भरून. जशी लहानपणी यायची. माझ्या चुकीने तू तिथे सापडली असतीस, आणि मी इथे पिठल्याची वाट पाहत बसलो असतो.

त्या रात्री तू आलीस, नाक्याचं काही सांगितलं नाहीस. अनसूयेने ताट पुढे केलं, तू ओटी त्यात सोडलीस, आम्ही दोघं अडकित्त्यावर तुटून पडलो. तू रविवारी सकाळी निघालीस. तू गेल्यावर अनसूया रडायला लागली. म्हणाली, वन्संची ओटी मी माझ्या हाताने रिकामी केली आणि चार दाणेसुद्धा परत घातले नाहीत. घालायचे की नाही ते मला कळेना, मी घाबरले.

नाक्यावर काय झालं ते तू लिही. आणि नवरदेव कोण ठरला आहे तेही कळव, म्हणजे भेटल्यावर निदान नमस्कार कसा करायचा ते मला समजेल. (हे हसण्यासाठी लिहिलं. हसली नाहीस तरी चालेल.)

तुझ्या लोभाला मी पात्र उरलो असेन तर तो ठेवावा.

गंगाधर


॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. ५ जून १९३०
(मल्लप्पाच्याच हस्ते)

चिरंजीव गंगाधर यास अनेक आशीर्वाद, आणि सौ. अनसूयेस पोटाशी धरून आशीर्वाद.

पत्र मिळालं. मायन्यात दोन अक्षरं कमी दिसली. शाई संपली होती, की त्यांची आठवण ओटीच्या वेळी न होता आता झाली? दर खेपेला वर गं. भा. लिहायचास आणि खाली ओटी भरून ये म्हणालास. मल्लप्पा दारात थांबला होता, मी ते पान हातात धरून बसून राहिले. राग आला नाही. खरं सांगू? इतक्या वर्षांत मला विसरून लिहिलेलं तेवढंच वाक्य होतं. ते खोडून पाठवायला मन होईना.

आता नाक्याचं. शिट्टी झाली, मल्लप्पाने तू सांगितलंस तसं सगळं केलं. पुरुषांना खाली उतरवून रांगेत उभं केलं, जोडे काढायला लावले, पागोटी सोडली. एका म्हाताऱ्याच्या धोतराच्या सोग्यात अंगाऱ्याची पुडी निघाली, तीही हुंगून पाहिली. बायका आम्ही दोघीच होतो. शेजारच्या बाईची दुरडी ओतून पाहिली. मग हवालदार माझ्यापुढे आला. रामहरी म्हणून हाक मारत होते त्याला. पांढऱ्या मिशा, सदऱ्याला पाच बटणं, त्यातलं एक वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं. तू मोजायला सांगितलीस म्हणून ठाऊक.

त्याने कपाळ पाहिलं, पदर पाहिला, पुन्हा कपाळ पाहिलं. त्याला दोन्हींचा मेळ बसेना. इकडे खण मोटारीच्या हिसक्यांनी सुटला होता आणि दांडा माझ्या पोटाला टोचत होता. पदराच्या एका कोपऱ्यातून तांदूळ गळत होते, एकेक दाणा माझ्या पावलावर पडत होता. मला वाटलं, त्या आवाजानेच सगळं उघडं पडेल. तो म्हणाला, बाई, ही ओटी कुणाची? मी म्हटलं, माझी. कुणी भरली, म्हणाला. मी म्हटलं, भावानं लिहिलं होतं, ओटी भरून ये. मी दोन्ही वेळा खरं बोलले. तिसरा प्रश्न आता येणार, आत काय आहे, आणि मी तेही खरं सांगणार, हे मला दिसत होतं. मी तुझ्या मुलांची नावं मनात घेतली.

तेवढ्यात गोरा साहेब जवळ आला. त्याने छडीचं टोक माझ्या पदराच्या दिशेने केलं आणि काहीतरी विचारलं. हवालदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग वळून ताठ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, साब, शादी. बेवा की शादी. मग मराठीत, सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं, की पाट लागतोय बाईंचा, भाऊ लावतोय, लई बेस. साहेबाने छडी खाली केली आणि मला टोपीला हात लावून सलाम केला. गांधी टोपीवाल्यांचा काळ असलेला तो साहेब. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी बटणांकडेच पाहत राहिले. हवालदार मल्लप्पाला म्हणाला, जा आता, गाडी हळू हाक, वरात हाय.

पुढच्या बाकावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. ती बातमी मोटारीच्या आधी गावात पोचली असणार, तुझ्याही आणि माझ्याही. इथे आल्यावर काशम्मा लुगड्याचा रंग ठरवूनच आली होती. शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले, घसा साफ केला, हवेचं बोलले. मीच म्हटलं, पाट नाही, ओटी मात्र होती. ते म्हणाले, असं, असं, आणि उठून गेले. काशम्मा मात्र खट्टू झाली आहे. म्हणते, निदान अडकित्तेवाल्या भावाने तरी जोर धरायचा होता.

रविवारचं तुला ठाऊक नाही, ते लिहिते. परत येताना नाक्यावर गाडी थांबवली. माझ्याजवळ पिशवी आणि पाण्याचा तांब्या, बाकी काही नाही, तरी गुरुवारपेक्षा जास्त घाम फुटला. हवालदार सरळ माझ्याकडेच आला. मला वाटलं, साहेबाला कळलं, आता उतरवतात. त्याच्या हातात फडक्याखाली काहीतरी होतं. म्हणाला, घरच्या मालकिणीनं दिलंय, तिला मी निम्मंच सांगितलं, निम्मं न्हाय सांगितलं. फडकं काढलं. नारळ होता, वर खण, थोडे तांदूळ. म्हणाला, पदर पसरा.

पदर पसरताना माझा हात चुकला. कुठला काठ वर घ्यायचा ते आठवेना. त्याने नारळ पदरात ठेवला आणि हलकेच म्हणाला, बगा बाई, नारळाचा वढ असा असतो. त्या दिशीचा लई खाली वढत हुता. पुढच्या बारीला भावाला म्हणावं, नारळच घाल.

मग मागे सरून त्याने शिट्टी वाजवली. त्याच्या शर्टाचं ते एक बटण आता नीट शिवलेलं होतं. मी अक्कलकोट येईपर्यंत पदर सोडला नाही.

नारळ देवापुढे ठेवला आहे. त्या डब्यातल्या तांदळाचा आज पहिल्यांदा भात केला, काशम्माला जेवायला बोलावलं. अनसूयेला म्हणावं, रडू नकोस, तिने चार दाणे घातले नाहीत ते बरं झालं, नाही तर हा पदर भरलेलाच आला असता. आणि तिला एक विचारून कळव. ओटीचा नारळ घरात कुणी फोडायचा असतो? बाईने स्वतः, की दुसऱ्या कुणी? मला आठवत नाही, आणि इथे विचारायची चोरी झाली आहे.

उत्तर येईपर्यंत तो तसाच ठेवते. घरातल्या सर्वांना माझी माया, आणि तुमची माझ्याकडे येत राहो.

मथुरा